हाडाचे कलम

व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला त्या संध्याकाळी आमचे एक वकील स्नेही रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "काय हो, परंड्याचा किल्ला संपला, नळदुर्गचा पाणीमहाल संपला, आता गाडी दातांवर आली वाटते! इतिहासाच्या माणसाने दंतवैद्याच्या दारात कशाला जावे?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांस इतकेच सांगितले की, आम्ही तेथे हौसेने गेलो नाही, आमच्या दाढेने आम्हांस नेले. आणि त्या खुर्चीवर तोंड उघडे ठेवून आडवे पडल्यावर, बोलता तर येत नाही, तेव्हा इतिहासाच्या माणसाने इतिहासाचा विचार करावयाचा नाही तर कशाचा?

हकीकत अशी आहे. आमची खालची डावी दाढ बारा वर्षांपूर्वी काढली. काढणाऱ्याने दुखणे थांबवले, आम्ही त्याचे पैसे दिले आणि मोकळे होऊन घरी आलो. त्या मोकळ्या जागेचे पुढे काय होते, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. एका दाढेवाचून कोणाचा संसार अडत नाही. उजवीकडून चावावयाची सवय झाली, भाकरी जात होती, हुरडा मात्र जपून खावा लागे. पुढे उजवी बाजूही कुरकुरू लागली तेव्हा सोलापुरास एका दंतवैद्याकडे गेलो. हल्ली जबड्यात टायटॅनियम धातूची लहानशी खुंटी बसवून तिच्यावर दात चढवितात. तशी एक बसवून घ्यावी असा बेत होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आमच्या जबड्याचे छायाचित्र पडद्यावर दाखविले आणि म्हणाले, "काका, खुंटी बसवू की. पण बसवायची कशात? इथं हाडच उरलेलं नाही. आधी हाड भरावं लागेल, चार-सहा महिने थांबावं लागेल, मग खुंटी."

हाड उरलेले नाही! बारा वर्षे आमच्याच तोंडात आमचेच हाड वितळत होते आणि आम्हांस पत्ता नव्हता. ते गेले कोठे, आणि एकाचे हाड दुसऱ्या जागी नेऊन लावावे ही कल्पना माणसास सुचली कधी, या दोन प्रश्नांनी आमचा पिच्छा पुरविला. त्यांचाच हा वृत्तान्त आहे.

हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडासारखी वस्तू येते, कारण आपण हाड पाहतो ते मेलेले पाहतो. जिवंत शरीरातील हाड रोज थोडे मोडते आणि रोज थोडे बांधले जाते. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. दाताच्या मुळाभोवतीचे हाड तर फारच लहरी आहे. ते दातासाठी उगवते आणि दात गेला की जाते. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पदर असतो. प्रत्येक घासाचा दाब त्या तंतूंमधून हाडास पोचतो, आणि तो दाब हेच त्या हाडाचे चलन. दाब थांबला की शरीर मोठ्या हिशेबीपणाने ठरविते की येथे आता हाड पोसण्याचे कारण नाही. डेन्मार्कमधील एका पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले; तीत असे दिसले की, दाढ काढल्यानंतर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होते आणि त्यातील बहुतेक घट पहिल्या तीनच महिन्यांत होते. अंत्ये टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचे जबडे पंचवीस वर्षे मोजले आणि १९७२ साली लिहिले की, झीज थांबत नाही, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या चौपट असते.

आमच्या आजीचे सर्व दात पन्नाशीच्या आतच गेले होते. उशाशी मिश्रीची डबी असे. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड सकाळ-संध्याकाळ हिरड्यांस घासावयाची. तिने दात बळकट होतात अशी सार्‍या गल्लीची समजूत होती. तंबाखू हिरडी आणि तिच्याखालचे हाड दोन्ही खाते, हे त्या पिढीस कोणी सांगितले नाही. आजी हसली म्हणजे हनुवटी नाकाकडे सरके. आपल्या भाषेत दात नसलेल्या तोंडास बोळके म्हणतात. बोळके म्हणजे कुंभाराच्या घरचे लहानसे मातीचे भांडे. लहानपणी आम्हांस वाटे की दात गेल्याने तोंड असे दिसते. खरे पाहता ते रूप निम्मे दात गेल्याचे आणि निम्मे हाड गेल्याचे असते.

हाडाचा हा स्वभाव पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस फार उपयोगी पडतो. उत्खननात जबडा सापडला आणि त्यात एक दात कमी असला, तर तो माणूस जिवंत असताना पडला की मेल्यावर मातीत गळाला, हे कसे ओळखावयाचे? खाच उघडी आणि धारदार असेल तर दात मेल्यानंतर गळाला. खाच भरून येऊन वरचे हाड गुळगुळीत झाले असेल तर तो माणूस त्या दातावाचून काही काळ जगला. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला आहे. आम्हांस मोडी कागदांची सवय. पण जबडा हाही एक दस्तऐवजच आहे, आणि त्यात कारकुनाने खाडाखोड केलेली नसते.

दात गेला तर त्याच्या जागी दुसरे काही बसवावे, ही इच्छा जुनीच आहे. आपल्या तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती आहे. तेर म्हणजे ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मधील तगर. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे व्यापारी नगर. इटलीत पाँपेई येथे, इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली, अशाच घाटाची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली सापडली, आणि तेव्हापासून विद्वान या दोघींची तुलना करीत आले आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी घरोघर आणि शेताशेतांतून गोळा केलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले ते संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एखाद्या रविवारी अवश्य जावे. आमच्या विषयापुरती गोष्ट एवढीच की, हस्तिदंत हा दातच आहे. मूर्तिकाराने हत्तीच्या दातातून बाई कोरली. पुढे अठराव्या शतकात युरोपच्या कारागिरांनी हत्तीच्या आणि पाणघोड्याच्या दातांतून माणसाचे दात कोरले. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष वॉशिंग्टन याच्या कवळ्या अशाच होत्या. त्या लाकडी होत्या ही बाजारगप्प आहे. पुढे रबराच्या आणि मग प्लॅस्टिकच्या कवळ्या आल्या. पण कवळी कशाचीही असो, ती हिरडीवर बसते, हाडात शिरत नाही. खालचे हाड झिजतच राहते, म्हणून पाच-सात वर्षांत कवळी ढिली होते आणि आजोबा ती खिशात ठेवून जेवावयास बसतात.

येथे सुश्रुताचे नाव निघणारच, तेव्हा आधीच सांगून टाकतो. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचे प्रकरण आहे आणि त्यात मार लागून हललेल्या दातांचाही विचार आहे. तरुण माणसाचा दात हलला असेल पण तुटला नसेल, तर तो जागच्या जागी दाबून बसवावा, थंड लेप द्यावा, आणि रोग्याने कमळाच्या नळीने दूध प्यावे, म्हणजे चावण्याचा ताण पडणार नाही. म्हाताऱ्याचे हललेले दात मात्र सोडून द्यावेत. हा सल्ला किती व्यवहारी आहे पाहा! तरुणाचे हाड सावरते, वृद्धाचे सावरत नाही, हे निरीक्षण त्यात आहे. पण जबड्यात हाड भरण्याची कृती सुश्रुतात नाही. कोणी ती आहे असे भर सभेत सांगितले तर टाळ्या पडतील. आम्ही त्या टाळ्यांचे धनी होऊ इच्छीत नाही. जे आहे तेच पुरेसे मोठे आहे, आणि त्यातील सर्वांत मोठे आपल्या पुण्याजवळच घडले.

१७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एक होऊन लढले. इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकणाऱ्यांत कावसजी नावाचा एक माणूस होता. इंग्रजी वृत्तान्तात त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून सोडून दिले. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग १७९३ साली पुण्याजवळ एका देशी माणसाने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्याच्या नोकरीतील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचे वर्णन छापून आले.

वर्णन मोठे बारकाईचे आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून नाकाचा आकार घेतला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोलली. मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी अखंड ठेवली. सोललेली कातडी खाली वळवून, थोटकाच्या कडेस खाच पाडून तीत बसवली. वरून काय लावले? काताचा लेप! पानाच्या डब्यातला कात पाण्यात मऊ करून कापडाच्या चिंध्यांवर पसरला आणि त्या एकावर एक पाच-सहा बसवल्या. चार दिवस त्यास हात लावावयाचा नाही. मग तुपात भिजविलेली फडकी. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक आपल्या पायावर उभे राहिले म्हणजे, डोळ्यांमधली ती पट्टी कापून टाकावयाची.

ती पट्टी हेच सारे मर्म. कोकणात ज्यांनी आंब्याचे भेटकलम पाहिले असेल त्यांस हे लगेच कळेल. भेटकलमात चांगल्या झाडाची फांदी आधी तोडत नाहीत. कुंडीतले रोप त्या फांदीपाशी नेतात, दोघांच्या साली सोलून एकमेकांस बांधतात, आणि जीव जडला की मगच फांदी आईपासून तोडतात. तोपर्यंत फांदी जुन्या झाडाचे पाणी पिते. कावसजीच्या कपाळाची कातडीही पंचवीस दिवस कपाळाचे रक्त पीत राहिली. रक्ताचा ओघ तुटू दिला नाही म्हणून नाक जगले. इंग्रज पत्रलेखकाने हे ओळखले होते. पट्टी रुधिराभिसरणासाठी राखतात असे तो स्पष्ट लिहितो. हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने प्रेतांवर हात बसविला, १८१४ साली एका रोग्यावर तीच क्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. युरोपातील नव्या पुनर्रचना-शल्यविद्येचा आरंभ पुष्कळजण तेथून मोजतात.

आता आमचे गाऱ्हाणे. रोग्याचे नाव आपणांस ठाऊक आहे. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे ठाऊक आहेत. त्या वेळी पुण्यात असलेला चित्रकार जेम्स वेल्स याने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचे चित्र काढले, त्यामुळे त्याचा चेहरादेखील आपण ओळखतो. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. तो विटा करणाऱ्या जातीचा होता एवढेच इंग्रजी मजकुरात आहे. म्हणजे आपला कुंभार, असे सामान्यतः समजतात. पेशव्यांच्या दप्तरात हत्तीच्या चाऱ्याचा हिशेब सापडतो, जेवणावळीतल्या तुपाचा सापडतो. पण जगाच्या वैद्यकाला ज्याच्या हातून वळण लागले त्या माणसाची पंक्ती निराळी होती. सुश्रुताचा वारसा म्हणून आपण ज्याचा अभिमान मिरवितो, तो अठराव्या शतकात पोथी वाचणाऱ्यांकडे नव्हता, माती तुडविणाऱ्यांकडे होता. आणि त्याने तो कोणापासून घेतला, कोणास दिला, हे विचारावयास त्या वेळच्या एकाही शास्त्र्यास सवड झाली नाही. तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात बसून हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. गोरोबांचे तुटलेले हात विठ्ठलकृपेने परत आले अशी कथा आहे. कावसजीचा कापलेला हात परत आला नाही. पण नाक एका कुंभाराने दिले, आणि त्या कुंभाराचा अभंग कोणी लिहिला नाही.

हाडाकडे वळू. ज्या हातांनी नाक केले त्यांस जबडा का भरता आला नसता? कारण हाड कातडीप्रमाणे वळवून आणता येत नाही. ते मूळ जागेपासून तोडावेच लागते, आणि तोडले की त्याचा रक्ताचा ओघ संपतो. शिवाय ते मांसाच्या आड असते, दिसत नाही. आणि जखमेत पू झाला की सारे वाया. भूल, जंतुनाशन आणि क्ष-किरण या तीन गोष्टींवाचून त्या वाटेस जाणे हा आततायीपणा ठरला असता, आणि त्या तिन्ही एकोणिसाव्या शतकाच्या आहेत; क्ष-किरण तर १८९५ चे.

युरोपात एक जुनी गोष्ट सांगतात. योब व्हान मेकेरेन या डच शल्यवैद्याचे लेखन १६६८ साली छापले गेले. त्यात ऐकीव म्हणून असे दिले आहे की, एका रशियन सरदाराच्या कवटीस तलवारीने भोक पडले ते कुत्र्याच्या हाडाने बुजविले. माणसाच्या डोक्यात कुत्र्याचे हाड म्हणून चर्चने त्यास वाळीत टाकले. बिचाऱ्याने ते काढून घ्यावयाचे ठरविले, तर हाड इतके एकजीव झालेले की निघेना! गोष्ट खरी-खोटी कशीही असो, वाळीत टाकण्याचा भाग वाचून आपल्याकडील वाचकास परके वाटत नाही. निश्चित पुराव्याची कथा ग्लासगोची आहे. तेथे विल्यम मॅकएवेन याने १८८० च्या सुमारास चार वर्षांच्या एका मुलाचा दंड वाचविला. सडून गेलेल्या हाडाच्या जागी त्याने दुसऱ्या मुलांच्या वाकड्या पायांची शस्त्रक्रिया करताना निघालेले हाडाचे तुकडे बसविले, आणि दंडाचे हाड पुन्हा उभे राहिले.

ते तुकडे जगले काय? पुढची तीस-चाळीस वर्षे याच प्रश्नावर वाद चालला, आणि निघालेले उत्तर मोठे विलक्षण आहे. तोडून लावलेले हाड बहुतांशी मरते. मात्र ते मेले तरी कामाचे असते, कारण शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, मोडणाऱ्या पेशी जुने हाड कुरतडतात, बांधणाऱ्या पेशी मागून नवे घालतात, आणि महिनोन्महिने इंच-इंच सरकत आपले स्वतःचे हाड परक्याची जागा घेते. म्हणून आम्ही मथळ्यात 'हाडाचे कलम' म्हटले खरे, पण शब्द पुरता बरोबर नाही. कलम स्वतः फुटते, पालवते. हे हाड म्हणजे वेलासाठी घातलेला मांडव होय. वेल चढून घट्ट झाला की मांडवाच्या काठ्या कुजून गेल्या तरी चालतात. वेलाची मुळे मात्र जिवंत जमिनीत हवीत, आणि मांडव हलता कामा नये.

पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे जबडे उडाले, आणि कमरेचे वा नडगीचे हाड काढून जबडा सांधण्याची विद्या इस्पितळांत नाइलाजाने वाढली. तोवर दंतवैद्यांचा तिच्याशी फारसा संबंध नव्हता. तो आला एका सशामुळे. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून आतील रक्ताचा प्रवाह सूक्ष्मदर्शकातून पाहत होता. प्रयोग संपल्यावर महागाची नळी काढू गेला तो ती निघेना. हाड धातूस चिकटले होते. मध्ये मांसाचा पापुद्रासुद्धा नव्हता. ज्याची किंमत नळीपुरती होती तो घोटाळा दातांच्या इतिहासात सोन्याचा ठरला. १९६५ साली त्याने गॉथेनबर्ग येथे पहिल्या माणसाच्या जबड्यात अशा खुंट्या बसविल्या आणि त्या चाळीस वर्षांहून अधिक काळ, रोग्याच्या मृत्यूपर्यंत, टिकल्या. दंतवैद्यांच्या जगाने मात्र १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतरच त्यास मान दिला.

आणि येथेच आमच्या दाढेचा प्रश्न उभा राहिला, कारण खुंटीस हाड हवे. ज्यांस दातांची सर्वांत अधिक गरज, म्हणजे ज्यांचे दात जाऊन दहा-वीस वर्षे झाली, त्यांच्याचकडे ते नसते. वरच्या जबड्यात आणखी एक अडचण असते. दाढांच्या वर जबड्याच्या हाडात हवेची पोकळी आहे, दाढा गेल्या की ती खाली उतरते आणि हाडाचा पापुद्राच शिल्लक राहतो. फिलिप बॉइन आणि रॉबर्ट जेम्स यांनी १९८० साली त्या पोकळीचे नाजूक अस्तर हलकेच उचलून खाली कमरेचे हाड भरण्याची रीत प्रसिद्ध केली. इतरत्र हनुवटीतून किंवा अक्कलदाढेच्या मागून हाडाचा तुकडा वा चुरा काढून झिजलेल्या कडेस लावतात आणि त्यावर पातळ पडदा घालतात. पडदा कशासाठी, असे आम्ही डॉक्टरांस विचारले. हिरडीचे मांस हाडापेक्षा झपाट्याने वाढते. पडदा नसेल तर ते आधी जागा बळकावते. शेताच्या कडेस काटेरी कुंपण घालतात ते याचसाठी. आपले पीक सावकाश उगवते, शेजारच्याची शेळी सावकाश येत नाही.

स्वतःचे हाड काढावयाचे तर दोन जखमा होतात. म्हणून दुसऱ्याचे हाड वापरण्याची सोय निघाली, आणि ती महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली. खुब्याचा सांधा बदलताना काढलेले हाडाचे डोके अशा पेढीकडे दात्याच्या संमतीने येते. रक्ताच्या तपासण्या होतात, हाड धुऊन गोठवून वाळवितात आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ते काम अनेक वर्षे चालविले. जे हाड एरवी इस्पितळाच्या भट्टीत गेले असते ते बाटलीत बंद होऊन दुसऱ्याच्या कामी येते. आमच्या जबड्यात भरलेली पूडही अशाच एका पेढीतली होती. बाटलीवर एक क्रमांक होता. नाव नव्हते, नसतेच. तो माणूस कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, पुरुष की बाई, हे आम्हांस कधी कळणार नाही, आणि त्याचे हाड एव्हाना आमच्या हाडाने खाऊन टाकले असेल.

बाजारात आणखी दोन प्रकार मिळतात. एक कारखान्यात केलेली क्षाराची कृत्रिम पूड. दुसरा गोवंशाच्या हाडातून सेंद्रिय भाग काढून उरलेला खनिज सांगाडा. पडद्यांपैकी काही डुकराच्या ऊतीचे असतात. वैद्यकाच्या दृष्टीने ही चांगली साधने आहेत आणि जगभर वापरली जातात. परंतु आपल्या जिल्ह्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, जैन आहेत. आपल्या तोंडात काय भरले जात आहे हे त्यांस आधी सांगितलेच पाहिजे आणि निवड त्यांची असली पाहिजे. रशियन सरदाराची गोष्ट आम्ही केवळ हसण्यासाठी सांगितली नाही. आम्ही विचारले तेव्हा डॉक्टरांनी तिन्ही बाटल्या पुढे ठेवल्या आणि फरक सांगितला. न विचारणाऱ्यास सगळीकडे सांगतातच असे नाही.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आमचे हाड, पडदा, खुंटी आणि वरचा दात मिळून जे बिल झाले ते पाहून एका हंगामाचे सोयाबीन आठवले. ज्यांस हा खर्च झेपत नाही त्यांनी कमीपणा मानण्याचे कारण नाही. चांगली बसणारी कवळी किंवा शेजारच्या दातांवर बांधलेला पूल यांनी लाखो लोक सुखाने जेवतात. प्रत्येकास हाड भरावे लागते असेही नाही. हाड पुरेसे असेल तर खुंटी तशीच बसते. जो दातांचा फोटो न काढताच हाड भरावयास सांगतो त्याच्याकडून उठून यावे. मधुमेह ताब्यात नसेल किंवा तंबाखू, विडी सुटत नसेल तर भरलेले हाड पुष्कळदा धरत नाही, आणि हे ऐकताना आमच्या श्रोत्यांपैकी काहींनी खिसे चाचपले असतील. पण सर्वांत स्वस्त गोष्ट वेळेची आहे. दात काढतानाच मोकळ्या खाचेत हाडाची पूड भरून टाके घातले तर पुढची झीज थांबत नाही तरी बरीच कमी होते. बारा वर्षांपूर्वी ते काही मिनिटांचे काम झाले असते. आठवडी बाजारात चादर पसरून, पुढे उपटलेल्या दातांची रास मांडून बसणारे दातवाले आम्ही लहानपणी पाहिले आहेत. आमचा दात काढणारा पदवीधर होता, खोली थंड होती, भिंतीवर प्रमाणपत्र होते. पुढच्या बारा वर्षांपुरता दोघांत फरक पडला नाही.

हाड भरल्यावर पाच महिने आम्ही त्या बाजूने भाकरी चावली नाही. मग खुंटी बसली, आणखी तीन महिने गेले. खुंटी हाडाने धरली की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर तिच्यावर एका लहान अवजाराच्या दांड्याने हलकेच ठोकतात. धरली असेल तर आवाज खणखणीत येतो, मध्ये मांस शिरले असेल तर बद्द येतो. ही एकच परीक्षा पुरेशी मानीत नाहीत, तरी अजून करतात. आमच्या तोंडात ते टक्-टक् सुरू झाले आणि आम्हांस तेरची ती प्रसिद्ध संतमंडळी आठवली; मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका मडकी पारखण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले आहेत आणि नामदेव रागावले आहेत. डॉक्टरांनी हात बाहेर काढताच आम्ही विचारले, "काय डॉक्टर, मडके पक्के की कच्चे?"

ते हसले. त्यांस गोष्ट ठाऊक होती. आजोळ तेरजवळचेच निघाले. "काका," ते म्हणाले, "आवाज तर चांगला आहे. पण एक्स-रे काढू, मग सांगतो."